फळ्यावरची चिठ्ठी कुणाची होती

सर, गेल्या आठवड्यातल्या शोकसभेत मी बोलायला उठले आणि न बोलताच खाली बसले. तुम्ही असतात तर चष्म्याच्या वरून बघत म्हणाला असतात, "पत्रकबाई गप्प? अहो भानुदास, यांना पाणी द्या, तब्येत बरी दिसत नाही." भानुदासमामा सभेत होते. आयुष्यभर वाचनालयाच्या दाराशी स्टुलावर बसलेला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच खुर्चीवर बसला होता आणि त्याला ती खुर्ची टोचत होती.

मी उठले ते एका वाक्यामुळे. एक ज्येष्ठ प्राध्यापक तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते. तुमची शिस्त, तुमचा व्यासंग, रजा न घेता केलेली नोकरी. मग त्यांनी आवाज खाली आणला. "घरातल्या एका प्रसंगानं सर गेली दोन वर्षं आतून खचले होते. त्यावर अधिक बोलणं बरं नाही." अधिक बोलणं बरं नाही म्हणायचं आणि तेवढ्यात सगळं बोलून घ्यायचं! अख्ख्या सभेच्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. तिथे तुमची मुलगी वैशाली बसली होती. ती समोर बघत राहिली. तुमच्या फोटोकडेही नाही, समोरच्या भिंतीकडे.

मला चारच शब्द बोलायचे होते. ती चिठ्ठी वैशालीची नव्हती. पण ते बोलले असते तर लगेच पुढचा प्रश्न आला असता, मग कुणाची होती? ते मला माहीत आहे. ती फळ्यावर कुणी लावली, हेही मला माहीत आहे. म्हणून बसले. आणि बसल्यापासून मला स्वस्थता नाही. तुम्हाला जाऊन अजून तीन आठवडेही झाले नाहीत आणि मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे. अर्ध्या भांडणात तुमच्या बाजूनंही मीच बोलते. मला ते जमत नाही, सर. तुम्ही हळू बोलायचात आणि मी हळू बोलू शकत नाही.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे. हे वाचणाऱ्यांना नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला मी 'कमवा आणि शिका'मधून विद्यापीठाच्या नगरच्या केंद्राच्या ग्रंथालयात आले. मला संदर्भ विभाग दिला. विभाग म्हणजे कपाटांच्या मागचं एक टेबल, तुम्ही आणि एक लाकडी पेटी. ज्याला काही शोधून हवं असेल त्यानं चिठ्ठीवर प्रश्न लिहून पेटीत टाकायचा. दुसऱ्या दिवशी त्याच चिठ्ठीच्या मागे तुमच्या अक्षरात उत्तर, खाली पुस्तकाचं नाव, पान. चिठ्ठी दुमडून तिला टाचणी, आणि ज्याची त्याला परत. मग वहीत प्रश्न आणि उत्तर उतरवून घ्यायचं, पण विचारणाऱ्याचं नाव नाही. आणि एखाद्यानं फुलस्केपवर मोठी चिठ्ठी लिहून खाली आपलं नाव घातलं, तर तुम्ही खिशातलं ब्लेड काढून तिच्यावरचं नाव कापून काढायचात. एवढीशी पट्टी. ती पट्टी त्या माणसाच्या हातात द्यायचात.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "सर, हे काय? नाव कशाला कापायचं?"

"त्याचं नाव त्याचं आहे. आपण ठेवून काय करायचं?"

"पण प्रश्न विचारणं हा काय गुन्हा आहे?"

"नाही. म्हणूनच तर पुरावा ठेवायचा नाही."

मला राग आला. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे वडील एमआयडीसीत कामगार, रात्रपाळी करून सकाळी सायकलच्या हँडलला पत्रकांचा गठ्ठा लावून निघायचे. धम्मदीक्षेनंतर आमच्या घरात देव्हारा गेला आणि त्या कोनाड्यात पत्रकं आली. मी अक्षरं शिकले ती त्यांवर. आणि वडिलांचा एक नियम होता, खाली नाव नसलेलं पत्रक वाटायचं नाही. "नाव टाकायला घाबरतो तो पत्रक काढतो कशाला?" हे ऐकत मी मोठी झाले आणि इथे तुम्ही ब्लेड घेऊन बसलेले.

तुम्ही अकोले तालुक्यातले. भाताच्या खाचरांतून शाळेला गेलेले, घरची बागायत नसली तरी स्वतःच्या मालकीची जमीन असलेल्या घरातले. एकदा भांडताना मी ते तुमच्या तोंडावर फेकलं होतं. "सर, तुमच्यासारख्यांना गुपचूप राहणं परवडतं. आमच्या लोकांना गुपचूपच ठेवलं होतं हजारो वर्षं." टेबलाशी दोघं-तिघं होते. तुम्ही हातातली चिठ्ठी पुरी केली, टाचणी लावली आणि म्हणालात, "बरोबर आहे तुमचं. मी त्याला उत्तर शोधतो." त्यानंतर काही महिने मी वाट बघितली. मला वाटलं होतं तुम्ही विसरलात. आता वाटतं, तुम्ही विसरला नव्हतात. पण ते पुढे.

फळा माझी कल्पना. मी तुमच्या मागेच लागले. तेच तेच प्रश्न पेटीत येतात, एकाचं उत्तर दहा जणांना उपयोगी पडेल, आणि तुम्हाला जे सापडत नाही ते बाहेर कुणाला तरी माहीत असेल. प्रश्न व्हरांड्यात लावू, ज्याला उत्तर ठाऊक असेल तो शेजारी लावेल. तीन महिने तुम्ही "बघू" म्हणालात. मग एका सकाळी भानुदासमामांनी जुना हिरवा फळा आणून व्हरांड्यात ठोकला. तुमची एकच अट होती. मूळ चिठ्ठी लावायची नाही. प्रश्न मी माझ्या हातानं उतरवायचा आणि माझ्या अक्षरातला कागद लावायचा.

त्या फळ्यानं काय धमाल केली, आठवतं ना? लोक वर्गात जायच्या आधी फळ्यावर यायचे. कुणीतरी विचारलं, नगरजवळच्या डोंगरावरचा चांदबीबीचा महाल खरंच चांदबीबीचा का. तुम्ही उत्तर लावलं, महाल नाही, ती सलाबतखानाची कबर आहे, खाली आधार. त्याखाली कुणी लिहिलं, "मग चांदबीबी कुठे राहायची?" त्याखाली दुसऱ्यानं, "केडगावात, भाड्यानं." तुम्ही स्वतः केडगावात भाड्यानं राहायचात. मला वाटलं तुम्ही कागद काढायला लावाल. तुम्ही पेन काढलं आणि खाली लिहिलं, "आधार द्यावा." तो कागद महिनाभर राहिला.

उसाचा पाला जाळावा की शेतातच कुजवावा यावरून दोन गट पडले. एका मुलानं भंडारदऱ्याच्या धरणाबद्दल काहीतरी चुकीचं लावलं, तर अकोल्याच्या तिघांनी मिळून त्याला अशी काही उत्तरं लावली की तो आठवडाभर मागच्या दारानं यायचा. घाण लिहिणारेही होते. मी ते फाडायला जायचे तर तुम्ही म्हणायचात, "बघितलंत? दार उघडलं की वारा येतो, धूळही येते. आणि तुम्ही तर दारच काढून टाकलंय." मी म्हणायचे, धूळ झाडता येते. तुम्ही म्हणायचात, "तुमच्या अंगावरची. दुसऱ्याच्या नाही." हा वाद आपण कधीच पुरा केला नाही.

ती चिठ्ठी दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पेटीत आली. त्यात विचारलं होतं, विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्नाची नोटीस दिली तर ती कुठे लावतात, किती दिवस लावतात, आणि घरी कळवतात का.

अक्षर तुम्ही ओळखलंत, मीही ओळखलं. त्या मुलीच्या चिठ्ठ्या वर्षभर येत होत्या. बहुतेक अभ्यासाच्या, एखादी आईच्या गुडघेदुखीबद्दल. ती बोलायची कमी. हॉस्टेलवर राहायची. कुठल्या तालुक्यातली, कुठल्या विषयाची, ते मी लिहीत नाही. एवढंच सांगते की ती मोठ्या शेतकरी घरातली होती आणि मुलगा आमच्यातला.

तुम्ही चिठ्ठीमागे उत्तर लिहिलंत. नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत लावतात, तीस दिवस. घरी कळवावं असं कायद्यात नाही, पण कायमचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथल्या कचेरीतही लावतात. खाली आधार. मग नेहमीसारखं ते मी तिच्यापर्यंत पोचवायचं होतं आणि प्रश्न फळ्यावर लावायचाच असेल तर माझ्या अक्षरात.

मी उत्तर वेगळ्या कागदावर उतरवून तिला पोचवलं. आणि तिची मूळ चिठ्ठी फळ्यावर लावली.

घाईत नाही, सर. चुकून नाही. हे मला दोन वर्षं तुम्हाला सांगायचं होतं. मी विचार करून लावली. मला वाटलं, इतका धीट प्रश्न आणि मी तो माझ्या अक्षरात पुसून टाकू? माझ्या अक्षरात तो कुणाचाच राहत नाही. हा फळा आहे की बुरखा? तिनं नाव लिहिलं नव्हतं, निदान तिचा हात तरी दिसू दे. वडिलांचा नियम माझ्या डोक्यात होता. वडिलांच्या पत्रकाखाली वडिलांचं स्वतःचं नाव असायचं. मी दुसरीचा हात वापरत होते, हे त्या दिवशी माझ्या ध्यानातही आलं नाही.

दोन दिवस ती चिठ्ठी तिथे होती. शेजारी तीन उत्तरं लागली. एक घाण. एक टवाळीचं, "नोटीस लावण्यापेक्षा पत्रिकाच छापा, जेवायला येऊ." आणि तिसरं असं, "लग्नाला तीन साक्षीदार लागतात. आम्ही तिघं आहोत." खाली एक पत्ता. मी ते वाचून भानुदासमामांना म्हटलं, "बघा मामा, फळा काय करू शकतो!" मला उडायचं बाकी होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठी फळ्यावर नव्हती. तिचा एक चुलतभाऊ आपल्याच केंद्रात शिकत होता. मला ते माहीत नव्हतं.

दुपारी तिचे काका आले. पांढरं धोतर, हातात ती चिठ्ठी. तुम्ही टेबलाशी, मी कपाटाच्या शिडीवर. मी वरच राहिले.

"सायेब, ही चिठ्ठी कुनाची हाय?"

"बसा ना. कुठून आलात?"

"बसायला न्हाई आलो. अक्षर वळखीचं वाटतंय आमाला."

"कुणाचं वाटतंय?"

"ते मी सांगनार न्हाई. तुमी सांगा. इथं चिठ्ठ्या तुमच्याकडं येत्यात म्हनं."

तुम्ही हात पुढे केला. त्यांनी चिठ्ठी दिली. तुम्ही ती वाचलीत, उलटलीत, मागचं तुमचंच उत्तर बघितलंत, पुन्हा सुलटी केलीत. मला वाटलं तुम्ही म्हणाल, कोण विचारतं ते आम्ही ठेवत नाही. ते खरं होतं. पण तेवढं बोलून काका गेले नसते, थेट हॉस्टेलवर गेले असते. हे तुम्हाला खाली टेबलाशी कळलं, मला शिडीवरून कळलं नाही.

"माझी आहे," तुम्ही म्हणालात.

"तुमची? आवं, हे बाईमानसाचं अक्षर हाय."

"मुलगी आहे मला. तिच्याकडून लिहून घेतली."

काका तुमच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा सैल झाला. मला तो चेहरा आजही दिसतो. ज्याच्या घराला लागलेली आग शेजाऱ्याच्या घराला निघाली त्याचा चेहरा.

"म्हंजी तुमच्या घरात चाललंय व्हय हे?"

तुम्ही चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवलीत.

"लई वंगाळ झालं, सायेब. लई वंगाळ. मला वाटलं आमचीच... देवानं राखलं." त्यांनी तुम्हाला हात जोडले. जाताना दाराशी भानुदासमामांना म्हणाले, "चांगल्या मानसाच्या घरी बी असं निघतं." हळू नाही म्हणाले. व्हरांड्यात ऐकू जाईल असं म्हणाले.

मी शिडीवरून उतरले. ज्या माणसानं चांदबीबीबद्दलच्या विनोदालासुद्धा आधार मागितला, तो माणूस माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलला होता आणि त्यानं त्यात स्वतःच्या मुलीला ओढलं होतं. तुम्ही मला काही विचारलं नाहीत. "भानुदास, चहा सांगा," म्हणालात. आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "उद्यापासून फळ्यावरचे प्रश्न मी उतरवीन." फळा काढून टाका म्हणाला नाहीत. तेवढं म्हणाला असतात तरी मी रडले असते आणि रडता रडता सगळं बोलले असते.

आठ दिवसांनी ती मुलगी हॉस्टेल सोडून गेली. आई आजारी आहे असं वॉर्डनला सांगून, एका पिशवीवर. परत आली नाही. तिच्या चुलतभावानं महिन्याभरानं सांगितलं, लांब दिली तिला, चांगलं स्थळ होतं. सांगताना तो कुणाच्याच डोळ्यांकडे बघत नव्हता. कुणी म्हणालं गावाला कोंडून ठेवलीय. कुणी त्याहून वाईट बोललं. आपण दोघांनी एकमेकांना काहीच म्हटलं नाही. चौकशी करायची तरी कशी? चौकशी केली असती तर चिठ्ठी कुणाची ते सांगितल्यासारखं झालं असतं.

आणि केडगावात वैशालीची गोष्ट पसरली. दोन स्थळं बघून गेली आणि पुन्हा आली नाहीत. शाळेत, जिथे ती शिकवते, तिथल्या बायका तिला डबा खाताना विचारायच्या, "काय गं, रजिस्टर करणार आहेस म्हणे?" हे मला दुसऱ्यांकडून कळायचं. तुमच्याकडून कधीच नाही. एम.ए. झाल्यावरही मी त्याच विभागात कामाला राहिले. रोज सकाळी ठरवून यायचे, आज सांगायचं. आणि रोज तुम्ही समोर एखादी चिठ्ठी सरकवायचात, "पत्रकबाई, हे शोधा बरं, मला सापडेना." मी शोधत बसायचे. भ्याड माणसाला काम फार आवडतं, सर.

गेल्या पावसाळ्यानंतर कॉम्प्युटर आला. फोनच्या वायरीतून तो किंचाळायचा आणि भानुदासमामा दचकून उठायचे. मी तुम्हाला खुर्ची ओढून बसवलं आणि ग्रंथपालांचा एक चर्चागट दाखवला. कुणी तरी मद्रासहून प्रश्न टाकलेला, त्याला दिल्लीहून, लखनौहून, कुठून कुठून उत्तरं आलेली. "सर, हा आपला फळाच की! फक्त भिंत देशभर लांब!" मला वाटलं आता वाद मी जिंकला.

तुम्ही बराच वेळ बघत होतात. मग विचारलंत, "यात अक्षर दिसतं का?"

"नाही सर. सगळ्यांचं सारखंच. छापल्यासारखं."

"म्हणजे कुणी लिहिलं ते अक्षरावरून कळणार नाही."

"नाही."

तुम्ही माझ्याकडे वळलात. चष्म्याच्या वरून नाही, सरळ. तेव्हा दार उघडं होतं, सर. तुम्ही माझ्यासाठी उघडून धरलं होतं. मी फक्त "सर, ती चिठ्ठी" एवढं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "छापून देऊ का हे?"

तुम्ही परत पडद्याकडे वळलात. "अहो, पण नाव वर लिहिलंय की प्रत्येकाचं. पत्त्यासकट." आणि हसलात. "मग काय उपयोग. ब्लेड कुठे चालवायचं यात?"

त्यानंतर तुम्ही आजारी पडलात. मी दोनदा भेटायला आले. दोन्ही वेळा खोलीत माणसं होती, आणि नसती तरी मी बोलले असते असं मी आता म्हणणार नाही.

आता जे झालं ते सांगते.

शोकसभेनंतर चार दिवसांनी एक आंतर्देशीय पत्र आलं. वर फक्त 'संदर्भ विभाग' आणि आपला पत्ता. अक्षर मी लगेच ओळखलं.

तिनं पेपरात तुमची निधनवार्ता वाचली होती. ती दुसऱ्या राज्यात आहे. लिहिलंय, "काका त्या दिवशी तुमच्याकडून थेट माझ्याकडे हॉस्टेलवर आले होते. हसत हसत सांगत होते, तुमच्या त्या मास्तराच्या घरात काय चाललंय बघ. म्हणाले, मी उगीच तुझ्यावर संशय घेतला. मला पेरू दिले. तेव्हा मला कळलं की सरांनी काय केलं, आणि माझ्याकडे थोडेच दिवस आहेत." पुढे लिहिलंय, फळ्यावर आपली चिठ्ठी बघितली तेव्हा ती मैत्रिणींबरोबर होती. काढून घेतली असती तर कळलं असतं, म्हणून त्यांच्याबरोबर उभी राहून हसली. आणि हसता हसता शेजारच्या कागदावरचा तिघांचा पत्ता पाठ केला. आठव्या दिवशी ती त्या पत्त्यावर गेली. नोटिशीचे तीस दिवस त्यांच्यापैकी एकाच्या आत्याकडे काढले. लग्नाला तेच तिघं साक्षीदार. आता तिला एक मुलगी आहे, आणि आई गुपचूप येऊन राहून जाते.

"चिठ्ठी कुणी लावली ते मला तेव्हाच कळलं होतं," असं तिनं लिहिलंय. "मी तुमचे आभार मानत नाही. तुम्ही मला न विचारता लावलीत. सरांच्या मुलीबद्दल लोक बोलतात ते आईकडून कळलं. खरं काय ते छापा. माझं नाव आणि गाव टाकू नका, आईचं येणं बंद होईल."

वाचून मी आधी आनंदानं नाचले, सर, खोटं कशाला सांगू. ती जिवंत आहे म्हणून, आणि फळ्यावरच्या त्या तिसऱ्या कागदामुळे ती पोचली म्हणूनही. पेटीत टाचणी लावलेल्या चिठ्ठीतून तिला तीन साक्षीदार कधीच मिळाले नसते. हे मी तुम्हाला ऐकवणारच. माझा वाद मी सोडलेला नाही. पण त्याच फळ्यानं तिच्या काकांना बोलावलं आणि मधे तुम्ही उभे राहिलात म्हणून ती सुटली. माझ्या त्या जातीच्या प्रश्नाला तुम्ही "उत्तर शोधतो" म्हणाला होतात. मला ते उत्तर एखाद्या पुस्तकातून येईल असं वाटत होतं.

मग मी इथवरचं सगळं लिहून काढलं आणि कागद घेऊन काल सकाळी केडगावला गेले. वैशालीनं दार उघडलं. मी आधी पत्र दिलं, मग माझे कागद. ती उंबऱ्यातच उभी राहून वाचत होती. पत्र दोनदा वाचलं.

मी म्हटलं, "चिठ्ठी मी लावली होती."

"माहीत आहे."

"सरांना..."

"बाबांना त्याच दिवशी माहीत होतं. मी म्हणायचे, विचारा की तिला. ते म्हणायचे, विचारायचं नाही, सांगेल ती."

"मी नाही सांगितलं."

"नाही सांगितलंत."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "सुनंदाताई, ती बाबांकडे मागायची होती. माझ्याकडे काय मागता?" आवाज चढला नाही तिचा. तुमच्यासारखाच. मला वाटलं आता दार बंद होईल. पण ती आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली आणि पायरीवर बसली.

"त्या संध्याकाळी घरी आले ना," ती म्हणाली, "चपला न काढताच मला म्हणाले, वैशू, मी आज खोटं बोललो आणि त्याचा त्रास तुला होणार आहे. मी विचारलं, ती मुलगी सुटली का पण? म्हणाले, माहीत नाही गं. मग दोन वर्षं त्यांना तेच. सकाळी पेपर आला की आधी आतलं पान. विहिरीत पडून, स्टोव्हचा भडका, अनोळखी तरुणी. ते सगळं वाचायचे. वय बघायचे, गाव बघायचे. मगच चहा. शेवटी वाचता येईना तेव्हा मला वाचून दाखवायला लावायचे. आई चिडायची, सकाळी सकाळी काय हे अभद्र. आणि आता ते नाहीत तर मी वाचते. सवय लागलीय."

मी पाण्याचा पेला पायरीवर ठेवला.

"छापा हे," ती म्हणाली. "माझं नाव कापू नका. लोकांनी इतके दिवस कुजबुजत घेतलंय, आता छापलेलं वाचू दे. पण माझ्यासाठी छापताय असं काही लिहू नका."

तेव्हा पेपरवाला आला आणि पायरीवर पेपर टाकून गेला. वैशालीनं तो उचलला. सवयीनं तिचा अंगठा आतल्या पानाशी गेला होता. मग ती थांबली. घडी न मोडता तिनं तो कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांना दिला. "काका, तुम्हीच वाचा आधी," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.